मानकापूरचा तह

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला खोली दाखवलीच नाही. आधी भिंतीवरचं चित्र दाखवलं.

मी नोकरीसाठी सांगलीहून नागपुरात आले होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासायचं काम होतं. कामावर नेणारी बस मानकापूर चौकातून जायची, म्हणून त्याच भागात जागा शोधत होते. पत्ता देणाऱ्या बाईंनी एवढंच सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे. फक्त काही विचारलं तर घाबरू नको."

दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, किडकिडीत माणसानं. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी गुंडाळीची मोजपट्टी. मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी माझं नावही विचारलं नाही.

"कुठली?"

"सांगली."

"हे पाह, सांगली." त्यांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "यात कोण फसलं, ते सांग."

जुन्या इंग्रजी छापाचं चित्र होतं, जाड काळ्या चौकटीत. एका चौथऱ्यावर डावीकडे गादीवर बसलेला राजा, उजवीकडे खुर्चीत कंपनी सरकारचा गोरा वकील. मधे एक कागद आणि त्यावर वाकलेला कारकून. चौथऱ्याच्या खाली, अगदी पुढे, लाल कोटातले देशी शिपाई ओळीनं उभे होते. ते गुडघ्यापर्यंतच दिसत होते, खाली लगेच चौकटीचं लाकूड लागत होतं. मागच्या खिडकीतून नारळाचं झाड दिसत होतं.

मी बराच वेळ बघितलं. मग म्हटलं, "कागदावर काय लिहिलंय ते इथून दिसत नाही. न वाचता कसं सांगू?"

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आत गेले आणि जिन्याची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. माझ्या आधी आलेल्या सगळ्यांनी 'राजा' असं सांगितलं होतं. काकांच्या मते उत्तर बरोबर होतं. पण 'कशावरून?' या पुढच्या प्रश्नाला कोणाजवळ काही नव्हतं, म्हणून कोणालाच खोली मिळाली नव्हती.

त्यांच्या त्या वरच्या खोलीत मी सहा वर्षं राहिले.

चित्राची गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि नंतर दर पाहुण्याला सांगताना मी ती जिन्यावरून ऐकली. नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं. त्यात हे चौकटीसकट मिळालं. विकणारा म्हणाला, साहब, नागपूर का है. म्हणजे हा आपल्याच नागपूरचा दरबार. राजाला शत्रूची भीती होती. कंपनीनं म्हटलं, आमची फौज तुझ्या राज्यात ठेव, ती तुझं रक्षण करेल, तू फक्त तिचा खर्च कर. यालाच तैनाती फौज म्हणतात. राजानं सही केली.

"अन् मग?" काका विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "मग काय! सीताबर्डीच्या टेकडीवर तेच फौज राजावर उलटली. रक्षण कराले आलेला माणूस घरात पाय पसरते, सांगली. ध्यानात ठेव."

चित्रकारावर त्यांचा राग वेगळाच होता. "नारळ काढला लेकानं! नागपुरात! संत्र्याचं झाड नाही काढता आलं? इथं आलाच नसन तो कधी."

हा धडा त्यांनी इतिहासापुरता ठेवला नव्हता. कोणीही मदत करायला आलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "तैनाती फौज!" पाऊस असो, ऊन असो, कोणाच्या गाडीवर मागे बसायचे नाहीत. त्या वयात सायकलनं सीताबर्डीच्या बाजारात जाऊन यायचे. शेजारच्या काकूंनी वडाभात पाठवला, तर त्याच दिवशी तो डबा दोडक्याच्या भाजीनं भरून परत जायचा. भाजी त्यांनी स्वतः केलेली असायची आणि ती खाववत नसे. शेवटी काकूंनी डबा पाठवणं बंद केलं. काकांना तो आपला विजय वाटला.

माणसांना ते गावाच्या नावानं हाक मारत. दूधवाला 'कन्हान', दवाखान्यातले डॉक्टर 'वर्धा', मी 'सांगली'. पोटच्या मुलालासुद्धा फोनवर "बोल बंगलोर" म्हणायचे. मी एकदा विचारलं, काका, नावं लक्षात राहत नाहीत का? तर म्हणाले, "नावाचं काय, नाव कोणाचंही राहते. माणूस कुठं उभा आहे ते पक्कं माहीत पायजे."

गल्लीत चोऱ्या झाल्या तेव्हा सगळ्यांनी मिळून पहारेकरी ठेवायचं ठरवलं. त्या बैठकीत काका उभे राहिले आणि राजा, कंपनी, टेकडी असं सगळं सांगून झालं तरी खाली बसेनात. तरी पहारेकरी ठेवलाच गेला. काकांनी त्याला बजावलं, "माझ्या फाटकासमोर उभं राहायचं नाही. माझं फाटक मी पाहीन." आणि दुपारभर खुर्ची टाकून स्वतः फाटकाशी बसू लागले.

माझ्याशी भाडेकरार असा झालाच नाही. त्यांनी फुलस्केप कागदावर स्वतःच्या सुंदर अक्षरात तह लिहिला. वर मथळा होता, 'मानकापूरचा तह'. त्यातलं एक कलम असं होतं: 'उभय पक्ष एकमेकांचं रक्षण करणार नाहीत.' मी हसून सही केली. त्यांनी मात्र गंभीरपणे केली.

त्या पावसाळ्यात मला जोराचा ताप आला. घरी कळवलं नव्हतं. तीन दिवस दोन्ही वेळा माझ्या दाराबाहेरच्या पायरीवर मऊ खिचडीचं पातेलं झाकून ठेवलेलं असे. दार वाजवलेलं नसे. चौथ्या दिवशी मी उठून खाली गेले आणि आभार मानले, तर ते चिडले. "आभार नाही पायजे. विहिरीचं पाणी तपासून दे मले. बरोबरी झाली पायजे." मी पाण्याचा नमुना घेऊन गेले आणि अहवाल आणून दिला. तो त्यांनी तहाच्या कागदाला टाचणी लावून जोडला आणि मगच माझ्याशी पहिल्यासारखं बोलू लागले.

काकांची बायको, म्हणजे घरच्या काकू, जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल ते कधी बोलत नसत. घरात त्यांचा एक फोटो होता, तोही आतल्या खोलीत. बाहेरच्या बैठकीत फक्त चित्रातले राजा आणि वकील.

माझं तिथलं पाचवं वर्ष होतं. मे महिना. काका स्टुलावर चढून कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. मी वरून आवाज दिला, "काका, थांबा, मी येते." ते म्हणाले, "तहात नाही." आणि पडले.

आवाज मी ऐकला. धावत खाली आले तेव्हा ते ओल्या फरशीवर कुशीवर पडलेले होते आणि खिशातली मोजपट्टी शोधत होते. मला म्हणाले, "उचलू नको. मी उठतो." उठता येणं शक्यच नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन झालं, सळी टाकली. मुलगा बंगलोरहून आला, पंधरा दिवस राहिला. शांत, समजूतदार माणूस. वडिलांशी एकदाही मोठ्यानं बोलला नाही. जायच्या आदल्या दिवशी मला म्हणाला, "बाबांना इथं एकटं ठेवू शकत नाही मी. तिथं अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे. ते म्हणतात, मरेन पण येणार नाही. मी तिथं बसून रोज घाबरतो. फोन वाजला की घाबरतो, नाही वाजला तरी घाबरतो."

शेवटी बापलेकात ठरलं ते असं. काकांना सांभाळायला दिवसभर एक बाई राहील. दिवाळीपर्यंत काका चालत फाटकापर्यंत जाऊन परत आले, तर घर सोडायचं नाही. नाही जमलं, तर बंगलोर. काकांनी हो म्हटलं, पण मुलगा गेल्यावर मला बोलावून म्हणाले, "पाहलं सांगली? आली शेवटी तैनाती फौज."

फौज म्हणजे शीलाबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेले, कामठीहून रोज बसनं यायच्या. एका दवाखान्यात बरीच वर्षं आयाचं काम केलेलं होतं. बौद्ध कुटुंबातल्या, त्यांच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरातच दीक्षा घेतलेली. पहिल्या दिवशी मी सुट्टी काढून घरी थांबले होते. काकांनी उशाखालून फुलस्केप कागद काढला.

"कामठी, हे वाच अन् सही कर."

शीलाबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. काय काय करायचं नाही याचीच यादी होती. न सांगता हात लावायचा नाही. चालताना धरायचं नाही. उचलायचं नाही.

"हे तुमचे कलमं झाले साहेब," त्या म्हणाल्या. "आता माहे दोन लिहा."

काकांना हे नवीन होतं. "बोल."

"एक. मले नावानं हाक मारा लागन. मी कामठीची आहो, कामठी नाही. माहं नाव शीला आहे. अन् अहो-जाहो करा. मी तुमाले करून राहिली, तुमी मले करा."

काकांनी लिहिलं. "दुसरं?"

"चहा मी घरातल्याच कपातून पिईन. माह्यासाठी वेगळा कप ठेवाचा नाही."

काकांचा हात थांबला. "हे कायले लिहा लागते? इथं कोण ठेवून राहिलं वेगळा कप?"

"मागच्या घरी ठेवला होता," शीलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तिथंबी पहिल्या दिवशी कोणी बोललं नव्हतं."

 काकांनी कलम लिहिलं, सही केली आणि मला म्हणाले, "सांगली, चहा टाक. तिघांचा." कपाटात एकसारखे तीन कप नव्हते. मी तिघांना स्टीलच्या पेल्यांत चहा दिला.

पुढचे दोन महिने वाईट गेले. काका वॉकर घेऊन उभे राहायचे आणि भिंतीपर्यंत जायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सुरुवातीला माणसाचा आधार घ्या, वजन टाकायची सवय होऊ द्या. काका आधार घेत नव्हते. दुखरा पाय उचलून ठेवायचे, टेकवायचेच नाहीत. शीलाबाई तहाप्रमाणे दोन हात अंतरावर, हात पुढे करून, न धरता त्यांच्या मागे चालायच्या. एकदा ते कोलमडले तेव्हा शीलाबाईंनी कलम मोडून त्यांना पकडलं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. मुलाचा फोन यायचा तो उचलायचे नाहीत. मला म्हणायचे, "सांग बंगलोरले, चालून राहिलो म्हणा." मी खोटं सांगितलं नाही. मी सांगायचे, प्रयत्न करत आहेत.

गणपतीच्या सुमाराला एका रविवारी सकाळी मी खाली पेपर वाचत होते. शीलाबाई रविवारीही यायच्या. त्या स्टूल घेऊन चित्राच्या चौकटीवरची जाळी काढत होत्या आणि काका खाटेवरून बघत होते. त्यांनी प्रश्न टाकलाच.

"शीलाबाई, सांगा. यात कोण फसलं?"

शीलाबाईंनी फडकं थांबवून चित्र पाहिलं. "हे खाली उभे आहेत, हे कोण होत?"

"शिपाई. हेच तं ते. तैनाती फौज."

"यायचे नावं?"

"नावं कुठून राहतीन? चित्र आहे ते."

"इतक्या वर्षांपासून पाहून राहिले न तुमी. मले वाटलं ठाऊक असन." त्या स्टुलावरून उतरल्या. "माह्या आजीच्या माहेरचे फौजेतले होते साहेब. कामठीची छावणी या फौजेसाठीच तं वसली. आजी सांगे, गावात आपल्या लोकाइले पायात जोडे घालून मोठ्यायच्या दारावरून जाता येत नव्हतं. हातात घ्या लागत. फौजेत गेलं का जोडे भेटत. सरकारी. घालाच लागत. आता तुमी म्हणता तं राजा फसला असन. पण आमच्या घरी कोणी फसलो म्हणून सांगतलं नाही."

मी पेपर खाली ठेवला. काकांना उलट उत्तर द्यायची सवय होती, त्यामुळे मी वाट बघत होते. त्यांनी फक्त विचारलं, "यायच्या पायात आहेत का पण जोडे?"

"पाय दिसतच नाही," शीलाबाई म्हणाल्या. मग चौकट एका हातानं पुढे ओढून मागे डोकावल्या. "अन् मागून हे फुगलं आहे. पालीनं अंडे घातले का काय पाहा लागन."

चित्र खाली उतरवलं. काकांनी मला पक्कड आणायला सांगितली आणि खाटेवर जुनी चादर पसरायला लावली. मागच्या फळीचे खिळे गंजलेले होते. एकेक उपटताना फळीचा भुगा पडत होता. काका पहिल्यांदाच अस्वस्थ दिसले. "सांभाळून," ते सारखे म्हणत होते.

फळी निघाली. पालीची अंडी नव्हती. चित्राचा कागद चौकटीपेक्षा मोठा होता, म्हणून कोणीतरी त्याची खालची चार बोटं पट्टी मागे दुमडून टाकली होती. मी ती हळूच सरळ केली.

शिपायांचे पाय दिसले. सगळ्यांच्या पायात जोडे होते. चित्रकारानं ते मन लावून काढले होते, एकेक टाच आणि एकेक बंद. शीलाबाईंनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. 

पायांच्या खाली बारीक तिरक्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. ती मी मनातच वाचली.

"वाच न," काका म्हणाले.

"काका, हे नागपूर नाही."

"काय?"

"दक्षिणेतल्या दरबाराचं नाव आहे. समुद्राकडच्या. राजा, वकील, तहाच्या वाटाघाटी असं लिहिलंय. नागपूर कुठंच नाही."

काकांनी कागद हातात घेतला. भिंग मागितलं. ओळ वाचली, परत वाचली. मला वाटलं आता हा माणूस रडेल किंवा कागद फाडेल. भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे नारळ बरोबर होता."

शीलाबाईंना हसू आलं. मग मलाही. काका मात्र हसले नाहीत. "न मोजता नकाशा काढला मी," ते म्हणाले. "नोकरीत असं केलं असतं तं घरी पाठवलं असतं मले. इतक्या लोकांना सांगतलं. त्या गल्लीच्या बैठकीत सांगतलं. एकदा खिळे काढून पाहाचं होतं, बस."

"म्हणजे हे बी आमचे नाही," शीलाबाई शिपायांकडे बघत म्हणाल्या.

"नाही."

"असू द्या. कोणाचे तरी असनच."

दुपारी शीलाबाई स्वयंपाकघरात होत्या तेव्हा काकांनी मला जवळ बसवलं. आवाज बारीक होता. "सांगली, तुझी काकू आजारी होती न, दोन वर्षं, तेव्हा या गल्लीतल्या बाया येत. म्हणत, आमी बसतो, तुमी जरा पडा. मी सगळ्यांना फाटकावरून परत पाठवलं. सगळं मी केलं. औषध, अंघोळ, सगळं. काही कमी केलं नाही. तुझी काकू म्हणे, येऊ द्या न त्यायले. कामासाठी नाही, मले गोष्टी कराले कोणी पायजे."

त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली.

"मी येऊ देल्लं नाही."

मी उठून पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं आणि विचारलं, "तुले काय वाटते, राजाले भेव लागत असन का, सही करताना?"

"लागत असेल."

"मलेबी लागते. एकदा कोणावर टेकलो तं मग उभंच राहता नाही येणार, असं वाटते."

चित्राचा आणि पुढच्या गोष्टीचा संबंध होता की पाय आपोआपच बरा होत होता, ते मी सांगू शकत नाही. दोन दिवसांनी सकाळी मी बस पकडायला निघाले होते तेव्हा काका खाटेच्या कडेला बसलेले होते, आणि शीलाबाई वॉकर घेऊन उभ्या होत्या. काकांनी वॉकर बाजूला सारला.

"शीलाबाई, जरा खांदा द्या."

"खांदा द्याले अजून टाइम आहे साहेब," शीलाबाई म्हणाल्या. "आत्ता हात धरा."

काका असे हसले की त्यांना पुन्हा खाली बसावं लागलं. मग त्यांनी हात धरला आणि दुखरा पाय जमिनीवर टेकवला. तोंडातून आवाज निघाला, कपाळावर घाम आला, पण टेकवला. त्या दिवशी माझी बस चुकली.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ दोघं चालायची. आधी बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत, मग ओसरी, मग पायऱ्या. भांडणं पुष्कळ व्हायची. शीलाबाई म्हणायच्या, "पाय घासू नका, उचला, मी आहो न." काका म्हणायचे, "उचलूनच राहिलो, तुमी ओढू नका." शेजारच्या काकू एकदा कुंपणापलीकडून हे बघत उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना हाक मारून आत बोलावलं. त्या इतक्या गोंधळल्या की हातातल्या कणकेच्या गोळ्यासकट आल्या आणि तासभर बसल्या.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मुलगा आला. संध्याकाळी त्याच्यासमोर परीक्षा झाली. काका शीलाबाईंचा हात धरून ओसरीच्या पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं, फाटकाच्या कडीला हात लावला आणि वळले. मुलगा ओसरीवर उभा होता. मी त्याच्या मागे.

"बाबा, आता हात सोडून दाखवा," तो म्हणाला.

काका अंगणाच्या मधोमध थांबले. गेल्या आठवड्यात ते काठी घेऊन एकटेच अंगणभर फिरले होते. शीलाबाईंना ते माहीत होतं, मलाही. शीलाबाईंनी आपला हात सैल केला.

काकांनी तो घट्ट धरला. "नाही सोडत."

"बाबा, ठरलं होतं..."

"फाटकापर्यंत जाऊन याचं ठरलं होतं. एकट्यानं असं लिहिलं नव्हतं. सोडता येते मले. विचार यायले. पण नाही सोडत." मग ते मुलाच्या नावानं बोलले. मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं. "विनय, तुले तिकडं भेव लागते न? रोज फोन कर. मी उचलीन."

विनयनं वडिलांच्या पायांकडे बघितलं. मग खाली उतरून त्यानं त्यांचा दुसरा हात धरला. बंगलोरचा विषय त्या दिवाळीत पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वर्षी माझी चंद्रपूरला बदली झाली. काका फोन करायचे, मला माझ्या नावानं हाक मारायचे, आणि मला ते शेवटपर्यंत विचित्रच वाटलं. 'सांगली' ऐकायची सवय झाली होती. गल्लीतल्या बायका आता दुपारी बैठकीच्या खोलीत येऊन बसतात, असं ते तक्रारीच्या सुरात सांगायचे. शीलाबाईंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाला ते कामठीला जाऊन आले, तेही शेअर ऑटोत पाच जणांत बसून. "माझ्या मांडीवर एका बाईनं पिशवी ठेवली," ते म्हणाले. "विचारलंबी नाही."

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी शीलाबाईंचा फोन आला. नेहमी काकांच्या फोनवरून यायचा, त्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या फोनवरून होता.

"साहेब गेले," त्या म्हणाल्या. "आत्ता. विनयदादाले सांगतलं, ते निघाले."

"एकटे होते?"

"नाही. मी होती. साडेपाचले निघतो न मी, पर्स घेऊन उभी होती. त्यायले दुपारपासून दम लागून राहिला होता, पण डॉक्टर पाहून गेले होते, बरं आहे म्हणे. मी म्हटलं, येतो साहेब. तं हात केला त्यायनं."

"काही बोलले?"

 मागे गल्लीतल्या बायकांचे आवाज येत होते.

"'शीलाबाई, आजची बस जाऊ द्या,' म्हणे. मी जाऊ देल्ली."